मिनिटाला दोन गोळ्या

वर्ना शिफ्लेटने ओतलेली गोळी वाकडी गेली, तर दोष बंदुकीचा असेल, वाऱ्याचा असेल, नाहीतर बंदूक धरणाऱ्या शहाण्याचा असेल. गोळीचा नसतो. एकोणीस वर्षांत हे आम्हा सगळ्यांना पाठ झालंय. तरी दर मोसमात एखादा नवा भिडू येतोच, नेम चुकला की गोळीला नावं ठेवतोच, आणि वर्ना त्याला म्हणते, "हो का? आण बरं ती गोळी परत, बघू दे मला." बस्स. तो गडी पुन्हा गोळीचं नाव काढत नाही.

मी ओरिन टीग. काउंटीच्या रस्तेखात्यात बत्तीस वर्षं बर्फ ढकलायची गाडी चालवली. आता घरी बसून बायकोचं डोकं खातो, असं बायको म्हणते. आणि गेली चौदा वर्षं मी क्रुकेड क्रीक रायफल्स या संघाचा कप्तान आहे. संघात माणसं आठ. अमेरिकेच्या यादवी युद्धात शिपायांच्या हातात असायच्या तशा ठासणीच्या बंदुका, आजच्या कारखान्यात बनवलेल्या पण मापाला बरहुकूम तशाच, नळीत आटे पाडलेल्या. खांद्याला खांदा लावून ओळीत उभं राहायचं आणि समोर जे टांगलंय ते फोडायचं. मातीच्या चकत्या, मडकी, फरशा. गुणबिण काही नाहीत. शेवटची वस्तू फुटली की घड्याळ थांबतं, ज्यांचा वेळ कमी ते पहिले. आमचे कपडे निळे, उत्तरेच्या फौजेचे. आमच्या शेनान्डोह खोऱ्यात निळे घालणारा संघ आमचा एकच, बाकी सगळे दक्षिणेचे करडे. उत्तरेचे शिपाई तेव्हा इथल्या कोंबड्या पळवायचे, त्यामुळे मैदानात शिरलो की कुणीतरी ओरडणारच, "निळे आले रे, कोंबड्या झाका!" त्यावर वर्नाचं उत्तर ठरलेलं. "झाका झाका. नेमबाजीत हरलात की त्याच तळून खायच्यात."

तर ही वर्ना. वय अडुसष्ट, उंची माझ्या खांद्याएवढी, आवाज माझ्या दुप्पट. तीस वर्षं तालुक्याच्या शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य होती. चारशे पोरांना रोज वेळेवर जेवायला घातलं, आणि एकाही पोराला ताटात वाटाणे टाकू दिले नाहीत. आज गावातले सरकारी वकील तिला रस्त्यात पाहिलं की अजून ताठ उभे राहतात.

ती आमच्यात आली मेणामुळे. तिचा नवरा हॉलिस मधमाश्या पाळतो. गोळीच्या खाचांत भरायला मेण आणि चरबी एकत्र करून वंगण बनवावं लागतं, नाहीतर चार बारांत नळी काजळीने तुंबते. आम्ही मेण हॉलिसकडून घ्यायचो. एकदा त्याची पाठ धरली होती म्हणून पोचवायला वर्ना आली. आम्ही चौघं बाप्ये माझ्या शेडमध्ये सरळ जाळावर मेण उकळत होतो. तिने दारातूनच नाक मुरडलं.

"हे काय करताय? मेण उकळतं का कुणी? जळतंय ते!"

"वर्नाबाई, हे वंगण आहे, आमटी नाही," असं आमचा डेलबर्ट म्हणाला. डेलबर्ट नळकामवाला, जीभ फार सैल.

"आमटी असती तर कुत्र्यानेही तोंड लावलं नसतं," ती म्हणाली, आणि पातेलं उतरवून पाण्याच्या भांड्यात ठेवलं. त्या दिवशी ती घरी गेली ती अंधार पडल्यावर. पुढच्या आठवड्यात तीन डब्यांत तीन वेगवेगळी वंगणं करून घेऊन आली, प्रत्येकावर चिठ्ठी. दुसऱ्या डब्यातलं वंगण आम्ही आजही वापरतो.

मग गोळ्यांकडे तिचं लक्ष गेलं. शिसं लागतं मऊ, नखाने ओरखडा उठेल असं. मोडक्या चर्चच्या छपराचं शिसं तिने अख्खं विकत घेतलं. साच्यातून पडलेली गोळी ती उलटी करून तिच्या पोकळ बुडात बघायची, सुरकुती दिसली की परत पातेल्यात. मग एकेक वजन करायची. शंभरातल्या चाळीस परत वितळायच्या. डेलबर्ट कळवळून म्हणायचा, "अगं, त्या चालल्या असत्या!" ती म्हणायची, "माझ्या स्वयंपाकघरातून चालली असती असं काही बाहेर जात नाही." प्रत्येकाच्या नळीचं माप केसाएवढं वेगळं, म्हणून प्रत्येकाच्या गोळ्या वेगळ्या मापाच्या, वेगळ्या डब्यात, वर नाव. दोन वर्षं असं चाललं. एका रविवारी ती मैदानात आली, कमरेवर हात ठेवले आणि मला म्हणाली, "मी ओतते त्या गोळ्या जातात तरी कुठे ते बघू दे. बंदूक दे इकडे."

तेव्हापासून ती ओळीत आहे. सतरा वर्षं. दर ऑक्टोबरात देशभरातले संघ जमतात ती मोठी नेमबाजी असते, तिथे सतरा वेळा आमच्या पहिल्या आठांत वर्ना उभी राहिली. एकदाही गैरहजर राहिली नाही. हॉलिसच्या हृदयाचं ऑपरेशन होतं त्या वर्षीही नाही, कारण त्यानेच तिला हाकललं. म्हणाला, "इथे बसून नर्सांना शिकवत बसशील. जा."

आता दोन वर्षांपूर्वीपासून तिचा हात हलायला लागला. डॉक्टर म्हणाला, धोक्याचं काही नाही, काही माणसांचा हलतो, वय आहे. पण हलतो म्हणजे चांगलाच हलतो. चहाचा कप बशीत ठेवला की वाजतो. आणि ठासणीच्या बंदुकीत सगळ्यात नाजूक काम कुठलं, तर टोपी बसवणं. दारू ओतली, गोळी ठासली, ठासायचा गज जागेवर ठेवला की शेवटी तांब्याची नखाएवढी टोपी, घोडा आपटला की ठिणगी देणारी, घोड्याखालच्या टोकावर बसवायची. तेवढं झालं की बार. वर्नाच्या टोप्या पडायला लागल्या. एका बाराला एक पडायची, कधी दोन. पूर्वी ती मिनिटाला तीन बार काढायची, आता दोन, तेही जेमतेम.

मी कप्तान. मला वेळ दिसतो. आणि खोटं कशाला बोलू, आमच्याकडे राखीव म्हणून एक जण आला होता. टोबिन रस्क, वीज खात्यातला, वय एकतीस. मिनिटाला चार बार! त्याला बघितलं की मला ऑक्टोबरचं पदक दिसायचं. नऊ वर्षं आम्हाला पदक नाही. माझा स्वभाव तसा तापट आणि वर हावरा, दोन्ही मला माहीत आहे.

जूनच्या सरावात दोन बुधवार मी तिच्या मागे उभा राहून घड्याळ लावलं. घड्याळ खिशात, हात खिशात, नजर नुसती तिच्या टोप्यांवर, लक्ष्याकडे बघितलंच नाही. वाटलं, कुणाला कळलं नाही.

जूनमध्ये आमच्या भागातल्या संघांची एक स्पर्धा असते, तिच्या दिवशी संध्याकाळी चारच्या आत कप्तानांनी ऑक्टोबरसाठी आठ नावांची यादी द्यायची असते. एकदा दिली की दिली, बदल नाही. स्पर्धा रविवारी होती. त्याआधीच्या गुरुवारी वर्ना नेहमीप्रमाणे गोळ्या द्यायला माझ्या घरी आली. ओसरीवर डबे मांडले. मी मोजले तर नऊ.

"हा नववा कुणाचा?"

"वाच की. चष्मा लाव."

डब्यावर लिहिलं होतं, टोबिन. अक्षर थरथरतं, पण नाव स्वच्छ.

"त्याच्या गोळ्या तो विकत आणतो," मी म्हणालो. "तुला कुणी सांगितलं करायला?"

"कुणी सांगायला कशाला हवं? त्याची नळी मोजली, ओतल्या. ओळीत उभा राहणाऱ्याला विकतच्या गोळ्या शोभत नाहीत." असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. मी डब्यांकडे पाहिलं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही.

नेडीन, म्हणजे माझी बायको, तिच्यासाठी गोड गार चहा घेऊन आली. पेला अर्धाच भरलेला. वर्ना हसली. "बघ ओरिन, तुझ्या बायकोलासुद्धा समजलंय. हल्ली घरी मी अर्धाच पेला भरते. हॉलिसच्या शर्टाची गुंडी लावायला गेले तर तो म्हणतो, राहू दे, मी उघडा फिरतो. शिवण सोडलं. पत्र लिहायचं सोडलं." मग ती थांबली, आणि तिचा तो शाळेतला आवाज एकदम खाली आला. "बंदूक उचलली ना, की हात थांबतो. नऊ पौंड वजन आहे, त्यानेच थांबत असेल. तेवढ्यापुरती मी माझी असते बघ."

ती गेल्यावर नेडीनने तो पेला ठणकन मोरीत ठेवला. तिच्या बोलण्यापेक्षा मला तिच्या भांड्यांची जास्त भीती वाटते.

शनिवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नळ्या भरायला बसलो. प्लॅस्टिकच्या बोटभर नळ्या असतात, प्रत्येकीत एका बाराची मोजून दारू घालायची आणि तोंडाला गोळीचंच बूच लावायचं. मैदानात बूच काढायचं, दारू ओतायची, गोळी ठासायची. समोर यादीचा कागदही ठेवला होता. एक नळी भरायची, एक नाव लिहायचं, असं चाललं होतं. सात नावं झाली. आठव्याला हात अडला.

"वर्नाला सांगितलंस?" नेडीनने भांडी घासता घासता विचारलं. तिला सगळं कळतं.

"सांगेन."

"कधी?"

"उद्या. स्पर्धा झाल्यावर."

"म्हणजे तिच्या गोळ्या वापरून झाल्यावर."

"नेडीन, संघ चालवणं म्हणजे खानावळ नाही! वेळेचा खेळ आहे हा! दोन बार आणि चार बार, हिशेब शेंबड्या पोरालाही कळेल!"

"मग ओरडतोस कशाला?"

मी शाईच्या पेनाने टोबिनचं नाव लिहिलं, जोरात, कागद फाटेल असं. आणि तणतणत उरलेल्या नळ्या भरल्या.

रविवारी हवा छान होती, डावीकडून हलका वारा. मैदानात चाळीस संघ, सगळीकडे तंबू, कुणाच्या चुलीवर घेवडा शिजतोय, कुणी बिस्किटात हॅम घालून वाटतोय. वर्नाने मक्याचा पाव आणला होता, लोखंडी तव्यातच. टोबिनने तिने दिलेल्या गोळ्या हातात घेऊन बघितल्या आणि म्हणाला, "वर्नाबाई, इतक्या सुंदर गोळ्या उडवायला जिवावर येईल हो." ती म्हणाली, "मग बायकोच्या कानात घाल. मी उडवायला केल्यात." त्या दिवशी तो राखीवच होता, दोरीच्या मागे बसला.

पहिल्या फेरीत चकत्या फोडल्या, बरा वेळ लागला. दुसऱ्या फेरीत मडकी, त्याहून बरा. तिसऱ्या फेरीला जाताना डेलबर्टने फळ्यावर पाहून आणलं. आम्ही तिसरे होतो! तिसऱ्याला पदक असतं. 

तिसरी फेरी शंभर यार्डांवर. सोळा फरशा दोऱ्यांनी टांगलेल्या, तळहाताएवढ्या. आता ओळीत उभं राहिल्यावर काय दिसतं ते सांगतो. काही दिसत नाही. आठ बंदुकांचा धूर म्हणजे गवत पेटल्यासारखं पांढरं होतं. त्या धुरात एक फट सापडली की नेम धरायचा, चाप ओढायचा, पुन्हा भरायचं. कुठली फरशी कुणी फोडली हे देवाला ठाऊक. फुटली की प्रत्येकाला वाटतं, आपणच. जेवताना प्रत्येकाने सांगितलेल्या फरशांची बेरीज केली तर तीस होते, टांगलेल्या असतात सोळा. डेलबर्टच्या एकट्याच्या नऊ असतात. वर्ना मात्र कधी आकडा सांगायची नाही. ती तवा घासत बसायची.

शिट्टी झाली. धडाधड बार. मी दोन काढले, तिसरा काढला, चौथ्याला नळी उघडली, ओतली, गोळी घातली, ठासली, टोपी बसवली, नेम धरला, चाप ओढला. फट्. नुसती टोपी वाजली. दुसरी टोपी. फट्. तिसरी. फट्. मग मी गज बंदुकीच्या नळीत सोडला तर तो नेहमीपेक्षा खाली गेला, बोटभर खाली.  बंदुकीत दारूच नव्हती. शनिवारी रागाच्या भरात एका प्लॅस्टिकच्या नळीला दारू न घालताच मी गोळीचं बूच लावलं होतं, आणि इथे घाईत ओतली ती हवा ओतली. कोरी गोळी ठासली होती मी! सव्वीस वर्षांत पहिल्यांदा! हे पहिल्या महिन्यातल्या पोरांनी करायचं काम. अशी गोळी मैदानात निघत नाही, तिला मागे नेऊन ओढून काढावी लागते. म्हणजे माझी फेरी संपली.

नियम असा की हात वर करायचा. मी केला. मैदानाचा पंच आला, माझ्या घोड्याखाली टोपी नाही हे पाहिलं, नळी आभाळाकडे करवली आणि म्हणाला, "कप्तान, दोन पावलं मागे. फेरी संपेपर्यंत हलू नका." त्याच्या मिशीखाली तो हसत होता. मी दोन पावलं मागे आलो. रिकामा उभा.

आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा मी माझा संघ पाहिला.

ओळीत असताना कप्तानालाही पुढचा धूर आणि शेजाऱ्याचा खांदा एवढंच दिसतं. मागून मात्र वारा धूर डावीकडे ओढून नेत होता आणि सगळं उघडं दिसत होतं. माझ्या पुढे थोडी उजवीकडे वर्ना होती. अकरा फरशा उरल्या होत्या. डेलबर्ट हाणत होता, हाणत होता म्हणजे काय, शेत नांगरावं तशी मागची माती उडत होती. बाकीचे पाच जणही तसेच. मी ओळीत असतो तेव्हा मीही तसाच असणार.

वर्नाने पिशवीतून टोपी काढली. पडली. ती खाली वाकली नाही, खाली बघितलंसुद्धा नाही. दुसरी काढली. तीही पडली. मी मनात म्हणालो, बघ, हेच, याच्यासाठीच. तिसरी बसली. तिने बंदूक खांद्याला लावली, आणि शप्पथ सांगतो, तिचा हात जिथल्या तिथे थांबला. ती सावकाश श्वास सोडताना मला दिसली. बार झाला. उजवीकडून तिसरी फरशी नाहीशी झाली.

योगायोग असेल म्हटलं. पुन्हा भरली, एक टोपी पडली, दुसरी बसली. बार. चौथी फरशी गेली. त्या वेळात डेलबर्टने दोन बार काढले आणि एक दोरी हलवली. पुन्हा वर्ना. गेली पाचवी. मी आता मोजायला लागलो. बोटांनी, लहान पोरासारखं. हात बंदुकीला धरलेले, बोटं लाकडावर आपटत मोजत होतो. माझा राग कुठे गेला कुणास ठाऊक. मला ओरडावंसं वाटत होतं, अरे, बघताय का कुणी? ही बाई काय करतेय बघताय का?

मी मागे आल्यापासून तिने पाच बार काढले. पाच फरशा. बाकी सहा जणांनी चाळीसच्या वर काढले असतील, त्यांच्या सहा. शेवटची फरशी तिनेच फोडली असती तर सांगायला बरं वाटलं असतं, पण तशी ती फुटली नाही. ती फोडली डेलबर्टने, तीही भलत्याच फरशीवर नेम धरून, असं मला अजून वाटतं. तेव्हा वर्ना सहाव्या टोपीशी झटत होती.

आम्ही चौथे आलो. नऊ सेकंदांनी पदक गेलं. आणि ते नऊ सेकंद कुणाचे होते हे चाळीस संघांना माहीत होतं. आमच्यात कोरी गोळी ठासणाऱ्याच्या गळ्यात दिवसभर दारू ओतायचं पत्र्याचं नाळकं अडकवतात. ही प्रथा पाडली कुणी? मीच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. डेलबर्टने नाळकं माझ्या गळ्यात घातलं तेव्हा शेजारच्या करड्या संघाने टोप्या काढून सलामी दिली.

"कप्तान," डेलबर्ट म्हणाला, "बंदुकीत दारू घालायची असते. आधी. मी लिहून देऊ का?"

"तू तोंड मिट. एवढ्या बारांत तू किती फोडल्यास ते मी पाहिलंय."

"किती?"

"शेवटची."

तो आपली बंदूक पुसायला लागला.

पावणेचार वाजले होते. मी खिशातून यादी काढली आणि तंबूच्या मागे वर्ना बंदुकीच्या नळीत गरम पाणी ओतत होती तिथे गेलो. बाकीचेही तिथेच होते. असू देत म्हटलं, जे चोरून लिहिलं ते चोरून कशाला सांगायचं?

"वर्ना, ही यादी. शनिवारी लिहिली. तुझं नाव नाही त्यात."

टोबिनने मान खाली घातली. वर्ना पाणी ओतत राहिली.

"माहीत आहे," ती म्हणाली. "बुधवारी खिशात घड्याळ घेऊन मागे उभा होतास. टिकटिक ऐकू येत होती, लेका. मी हात हलणारी आहे, बहिरी नाही."

"आणि तरी त्याच्या गोळ्या ओतल्यास?"

"संघाच्या गोळ्या आहेत. आणि तुझंही चुकत नव्हतं. मिनिटाला दोन बार म्हणजे जागा अडवणंच झालं. मलाच वाटायचं, आता मी नुसता आवाज करायला उभी राहते."

 ती हे मनापासून बोलत होती. तिला माहीतच नव्हतं. सतरा वर्षं तीही आमच्यासारखी धुरातच उभी होती.

"पाच बार," मी म्हणालो. "मी मागे आल्यावर पाच बार काढलेस तू. पाच फरशा फुटल्या. उजवीकडून तिसरी, चौथी, पाचवी, मग कोपऱ्यातली, मग मधली. मी मोजल्या. डोळ्यांनी पाहिल्या. एक गोळी वाया गेली नाही."

तिच्या हातातलं भांडं थांबलं. "माझ्या?"

"तुझ्या. बाकी आम्ही माती नांगरतो."

  वर्नाने निळ्या कोटाच्या बाहीने डोळे पुसले आणि वर म्हणाली, "धूर गेला डोळ्यात." धूर तासाभरापूर्वीच विरला होता.

मी पेन काढलं. माझं नाव यादीत पहिलं होतं, कप्तानाचं असतंच. ते खोडलं आणि तिथे तिचं लिहिलं. टोबिनचं राहू दिलं. पोरगा चांगला आहे, वेगाला वेग हवाच. मग खाली लिहिलं, राखीव, ओरिन टीग. ऑक्टोबरात मी मागे उभा राहणार, दुर्बीण घेऊन, आणि कोण काय फोडतंय ते पाहून फेरीफेरीला सांगणार. संघाला आजवर तेच नव्हतं.

कागद तिच्या हातात दिला. आणि आता खरं सांगतो, मी वाट बघत होतो. वाटलं, ती म्हणेल, अरे ओरिन, असं काय करतोस, तू कप्तान, तुझ्याशिवाय कसं. टोबिन म्हणेल, मी थांबतो. निदान डेलबर्ट तरी म्हणेल. मी चेहरासुद्धा तयार ठेवला होता, नाही नाही, ठरलं म्हणजे ठरलं असं म्हणायला.

वर्नाने चष्मा लावला. शाळेत सामानाची यादी तपासायची तशी वरून खाली वाचली. पुन्हा एकदा वाचली. चष्मा काढला.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

आणि स्वतःच निघाली यादी द्यायला. मी मागोमाग गेलो, गळ्यात ते नाळकं वाजतंय, आणि छाती अशी भरून आलेली की पदक मिळालं असतं तरी आली नसती. अभिमान वाटत होता मला, सरळ सांगतो, आणि तो स्वतःचा मुळीच नव्हता. तिच्या हातात कागद सारखा फडफडत होता. टेबलावरच्या गृहस्थाने वर बघितलं, पुढ्यातले आपले कागद हाताने दाबले आणि म्हणाला, "वारा सुटला वाटतं, बाई."

"वारा नाही," वर्ना म्हणाली. "हात आहे माझा. पहिलं नाव वाचा, त्याच बाईचा."

त्याने वाचलं आणि शिक्का मारला.